नवा अभ्यासक्रम, जुना हजेरीपट: संख्याशास्त्राचा प्रकल्प आखताना

प्रकल्पाचे विषय ठरवण्याची वेळ आली की तिसऱ्या वर्षाचा एखादा तरी गट 'नवीन शैक्षणिक धोरणाचा विद्यार्थ्यांवर होणारा परिणाम' असे शीर्षक कागदावर लिहून आणतो. शीर्षक भारदस्त असते, पण त्याच्या पोटात प्रश्न नसतो. परिणाम नेमका कशावर, कोणत्या विद्यार्थ्यांवर आणि कशाच्या तुलनेत, एवढे विचारले की गटातले चौघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे थोड्या चर्चेने मिळतात. तिसरा प्रश्न मात्र बहुतेक गट शेवटपर्यंत टाळतात, आणि मग दोनशे प्रश्नावल्या भरून, रंगीत आलेख काढून, स्पायरल बाइंडिंग करूनही हाती काहीच लागत नाही. सोलापुरात संख्याशास्त्र शिकवताना हे इतक्या वेळा पाहिले आहे की या विषयावरचा प्रकल्प कसा आखावा, हे एकदा सविस्तर लिहावेसे वाटले.

आधी वस्तुस्थिती. केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला २९ जुलै २०२० रोजी मान्यता दिली. महाराष्ट्रात पदवीच्या पातळीवर त्याची अंमलबजावणी सगळीकडे एकाच वेळी झाली नाही: स्वायत्त (अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवणाऱ्या) महाविद्यालयांत ती २०२३-२४ पासून सुरू झाली आणि इतर संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून. या एका वर्षाच्या अंतराकडे अभ्यासकाने काणाडोळा करू नये. त्याचा उपयोग पुढे येईल. नव्या रचनेत मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडीचा दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (विद्याशाखेबाहेरचा ऐच्छिक विषय), कौशल्याचे विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, ओजेटी (प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण), क्षेत्र प्रकल्प असे अनेक कप्पे आहेत. क्रेडिट हे अभ्यासाचा भार मोजण्याचे एकक; एका सेमिस्टरला साधारण २० ते २२ क्रेडिट असतात. तासिकेच्या एका क्रेडिटसाठी १५ तास आणि प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटसाठी ३० तास धरले जातात. एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी, असे बाहेर पडण्याचे टप्पे आहेत. ज्या आराखड्याने क्षेत्र प्रकल्प आणला, त्याच आराखड्याची तपासणी विद्यार्थ्यांनी प्रकल्पातून करावी, यात मला तरी गंमतच वाटते.

सोलापूरच्या विद्यार्थ्याला आणखी एक सोय आपसूक मिळालेली आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ साली स्थापन झाले आणि त्याचे कार्यक्षेत्र फक्त सोलापूर जिल्हा आहे. त्याआधी येथील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. ज्या सर्वांविषयी आपल्याला विधान करायचे असते, त्या समूहाला संख्याशास्त्रात समष्टी म्हणतात, आणि ती रेखाटणे हे अनेक ठिकाणी मोठे कटकटीचे काम असते. येथे विद्यापीठाची सीमा आणि जिल्ह्याची सीमा एकच आहे, आत अकरा तालुके आहेत, आणि करमाळ्याच्या टोकापासून अक्कलकोटच्या टोकापर्यंत सर्व संलग्न महाविद्यालये विद्यापीठाच्या एकाच आराखड्याखाली आहेत. अर्थात चौघांच्या गटाने संपूर्ण जिल्हा हाती घेऊ नये. चार-पाच महाविद्यालये घ्यावीत आणि निष्कर्षही तेवढ्यांपुरताच लिहावा. 'सोलापूर जिल्ह्यातील विद्यार्थ्यांचे मत' असे मुखपृष्ठावर छापून आत एकाच वर्गाचे मत मांडणे हा अप्रामाणिकपणा आहे, मग तो नकळत का होईना.

आता प्रश्न बारीक करू. नव्या रचनेचा एक मोठा दावा असा आहे की विद्यार्थ्याला विषय निवडण्याचे स्वातंत्र्य मिळते. राज्याच्या आराखड्यानुसार ओपन इलेक्टिव्ह हा विषय आपल्या मेजरच्या विद्याशाखेबाहेरून घ्यावा लागतो, म्हणजे विज्ञानाच्या मुलीने कला किंवा वाणिज्य शाखेतला विषय घ्यायचा. ज्या महाविद्यालयात तिन्ही शाखा आहेत तेथे हे सुकर असावे, आणि ज्या महाविद्यालयात एकच शाखा आहे तेथे कठीण, असा तर्क सहज करता येतो. तो तर्क खरा आहे का, हे तपासणे हा प्रकल्प होऊ शकतो. 'नवीन अभ्यासक्रम चांगला आहे का' हा प्रकल्प होऊ शकत नाही, कारण कोणता आकडा आला तर उत्तर 'नाही' समजायचे, हे कोणालाही आधी सांगता येत नाही. माझ्या दृष्टीने विषयाची कसोटी एवढीच: आपले मत बदलायला लावणारा आकडा कोणता, तो प्रश्नावली छापण्याआधी वहीत लिहिता आला पाहिजे.

प्रश्न दोन जातींचे असतात, आणि त्यांची सरमिसळ करू नये. एक जात म्हणजे आज काय स्थिती आहे आणि ती कोणत्या गटात कशी आहे. वर सांगितलेला निवडीचा प्रश्न या जातीचा. दुसरी जात म्हणजे बदलामुळे काय झाले. ही दुसरी जात फार फसवी असते. समजा, एखाद्या स्वायत्त महाविद्यालयात २०२२-२३ मध्ये पहिल्या वर्षाचे ५८ टक्के विद्यार्थी पहिल्याच प्रयत्नात सर्व विषयांत उत्तीर्ण झाले आणि २०२३-२४ मध्ये, म्हणजे नवी रचना आल्यावर, ६६ टक्के झाले. गट आनंदाने लिहून टाकतो की नव्या अभ्यासक्रमामुळे निकाल ८ टक्क्यांनी सुधारला. पण त्या दोन वर्षांत फक्त अभ्यासक्रम बदलला का? २०२२-२३ ला प्रवेश घेतलेली मुले २०२२ ची बारावी कमी केलेल्या अभ्यासक्रमावर देऊन आली होती, त्यांच्यामागून आलेली मुले पूर्ण अभ्यासक्रमावर. त्यांच्याही आधीच्या तुकडीची तर, २०२१ मध्ये, राज्य मंडळाची बारावीची लेखी परीक्षाच रद्द झाली होती. विद्यार्थीच वेगळ्या तयारीचे असतील तर निकालातला फरक कोणाच्या खात्यावर मांडायचा?

येथे ते एका वर्षाचे अंतर कामी येते. २०२३-२४ मध्ये संलग्न महाविद्यालयांत जुनाच अभ्यासक्रम चालू होता, पण तेथे आलेली मुलेही त्याच बारावीतून आलेली होती. समजा, तेथे त्याच दोन वर्षांत उत्तीर्णांचे प्रमाण ५१ वरून ५६ टक्के झाले. म्हणजे अभ्यासक्रम न बदलताही ५ टक्क्यांची वाढ झाली. मग स्वायत्त महाविद्यालयातील ८ मधून ही ५ वजा केली पाहिजे आणि उरलेल्या ३ टक्क्यांविषयीच बोलले पाहिजे. या रीतीला 'फरकांमधील फरक' म्हणता येईल. दोन महाविद्यालयांची मुळात बरोबरी नसली, एकात हुशार मुले जास्त जात असली, तरी ती तफावत दोन्ही वर्षी सारखीच राहिली असेल तर वजाबाकीत निघून जाते; आणि दोन्हीकडे सारखाच परिणाम करणारी बारावीची भानगडही निघून जाते.

मात्र ही रीत एका गृहीतकावर उभी आहे: अभ्यासक्रम बदललाच नसता, तर दोन्हीकडचे प्रमाण सारख्याच चालीने पुढे गेले असते. हे सिद्ध करता येत नाही, पण आधीच्या दोन-तीन वर्षांचे आकडे मिळवून चाल समांतर होती का, एवढे तरी पाहता येते. दुसरी अडचण अधिक जवळची आहे. स्वायत्त महाविद्यालय स्वतःच प्रश्नपत्रिका काढते आणि स्वतःच तपासते. अभ्यासक्रमाबरोबर अंतर्गत गुणांचा वाटा किंवा प्रश्नपत्रिकेचा साचा बदलला असेल, तर त्या ३ टक्क्यांत तोही मिसळलेला असणार, आणि कितीही चाचण्या लावल्या तरी तो वेगळा काढता येणार नाही. म्हणून निकालाचे आकडे मागताना त्याच कागदावर परीक्षापद्धतीतील बदल, उत्तीर्णतेचा नियम आणि एटीकेटीचा (काही विषय राहिले तरी पुढच्या वर्षात जाऊ देण्याचा) नियम वर्षवार लिहून घ्यावा. हे काम कंटाळवाणे आहे आणि बहुतेक गट ते करत नाहीत.

वेळ थोडा असेल तर पहिल्या जातीचाच प्रश्न घ्यावा, असे मी सुचवतो. येथून पुढे तोच उदाहरण म्हणून घेऊ: शहरातील बहुशाखीय महाविद्यालये आणि तालुक्याच्या ठिकाणची एकशाखीय महाविद्यालये यांतील विद्यार्थ्यांना ओपन इलेक्टिव्ह निवडण्याची संधी प्रत्यक्षात मिळाली का?

आता प्रश्नावली. विद्यार्थ्यांनी पहिल्या झटक्यात लिहिलेला एक नमुनेदार प्रश्न असा असतो: 'नवीन अभ्यासक्रमामुळे विषय निवडीचे स्वातंत्र्य वाढले असून अभ्यासाचा ताण कमी झाला आहे, असे आपणास वाटते का? होय / नाही.' या एका ओळीत किती चुका आहेत, ते मोजण्यासारखे आहे. दोन प्रश्न एकात कोंबले आहेत. स्वातंत्र्य वाढले पण ताणही वाढला असे वाटणाऱ्याने कोठे खूण करावी? वाक्याची ठेवणच होकाराकडे ढकलणारी आहे. आणि सर्वांत मोठी चूक डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही: ज्याने जुना अभ्यासक्रम कधी पाहिलाच नाही, त्या पहिल्या वर्षाच्या मुलाला आपण 'वाढले का', 'कमी झाले का' असे विचारत आहोत. तो उत्तर देईल, कारण समोर सीनियर उभे आहेत. पण ते उत्तर त्याने वर्तमानपत्रात वाचलेले किंवा कोणाकडून ऐकलेले असेल. तुलना करणे हे आपले काम आहे, उत्तर देणाऱ्याचे नव्हे. त्याला फक्त त्याच्या वाट्याला काय आले तेवढेच विचारावे.

म्हणून तोच प्रश्न असा करावा: 'या सेमिस्टरला ओपन इलेक्टिव्ह ठरवताना तुमच्या महाविद्यालयात प्रत्यक्ष वर्ग भरणारे किती विषय उपलब्ध होते? १ / २ / ३ किंवा अधिक / माहीत नाही.' आणि त्याखाली: 'तुम्ही घेतलेला विषय तुमची पहिली पसंती होती का?' 'माहीत नाही' हा पर्याय काही मार्गदर्शकांना आवडत नाही. मला तो अत्यावश्यक वाटतो, कारण चाळीस टक्के विद्यार्थ्यांनी जर तेथे खूण केली, तर तोच प्रकल्पाचा मुख्य निष्कर्ष ठरेल: निवड होती, पण ती आहे हे कोणी सांगितलेच नाही. अभ्यासाचा भार मोजायचा असेल, तर 'खूप / मध्यम / कमी' विचारण्याऐवजी 'काल, किंवा महाविद्यालय भरलेल्या शेवटच्या दिवशी, तुम्ही किती तासिकांना बसलात आणि घरी किती वेळ अभ्यास केलात?' असे विचारावे. माणसाला 'साधारणपणे' आठवत नाही, काल आठवते.

प्रश्नावली छापण्यापूर्वी पंधरा-वीस जणांकडून ती भरून घ्यावी, आणि भरताना शेजारी बसून नुसते पाहावे. एकदा अशाच एका तपासणीत एक मुलगी 'मायनर' या शब्दापाशी पेन थांबवून बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "सर, मायनर म्हणजे ते दोन क्रेडिटचं, का ते साडेअकराच्या तासाचं?" तिची चूक नव्हती. विद्यार्थी विषय ओळखतात ते शिकवणाऱ्या मॅडमच्या नावाने, तासाच्या वेळेने, नाहीतर वर्गखोलीने. मेजर आणि मायनर हे शब्द अभ्यासमंडळाचे आहेत. त्यानंतर आम्ही प्रत्येक महाविद्यालयाच्या वेळापत्रकातून विषयांची खरी नावे उतरवून घेतली आणि प्रश्नावलीत तीच छापली. सोलापुरात भाषेचाही विचार करावा लागतो. शहराच्या पूर्व भागातील अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडील घरांत कन्नड, काहींचे शालेय शिक्षण उर्दूतून झालेले असते. वाक्ये आखूड ठेवली आणि 'अंमलबजावणी', 'बहुविद्याशाखीय' असले जडजंबाल शब्द काढून टाकले, तर एकच मराठी प्रश्नावली बहुतेकांना चालते. सोबत इंग्रजी प्रत ठेवावी.

नमुना, म्हणजे समष्टीतून निवडलेला लहान गट, कितीही मोठा घेतला तरी मोजण्याच्या पद्धतीतला दोष त्याने भरून निघत नाही, हे मराठी मुलखातल्याच एका संख्याशास्त्रज्ञाने फार सुंदर दाखवले आहे. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीककापणीच्या पाहण्यांचा अभ्यास केला. शेतात यादृच्छिक जागी एक तुकडा आखायचा, त्यातले पीक कापून तोलायचे आणि त्यावरून एकूण उत्पन्नाचा अंदाज करायचा, अशी ती रीत आहे. तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते, असे त्यांना आढळले. कारण तुकड्याच्या कडेवर जी रोपे येतात, ती आत धरायची की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा कल आत धरण्याकडे असतो. आणि तुकडा जितका लहान, तितका कडेचा वाटा मोठा. रब्बी ज्वारीच्या रानात उभे राहून विचार केला तर हे लगेच पटते. असे हजार तुकडे कापले तरी चूक त्याच बाजूला राहते. प्रश्नावलीतही कडेवरची रोपे असतात: विषय नाइलाजाने घेतला, पण नंतर आवडला, अशा मुलाने 'पहिली पसंती' हो म्हणायचे की नाही? अशा प्रत्येक संशयाच्या जागेचा नियम आधी ठरवून चौघांनीही तोच पाळला पाहिजे.

आता नमुन्याचा आकार. 'सर, किती प्रश्नावल्या भरू?' हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो आणि त्याचे उत्तर सर्वांत सोपे आहे. एखादे प्रमाण ९५ टक्के विश्वासाने आणि दोन्ही बाजूंना ५ टक्क्यांच्या आत अंदाजायचे असेल, तर १.९६ चा वर्ग गुणिले ०.५ गुणिले ०.५, भागिले ०.०५ चा वर्ग, उत्तर ३८४.१६, म्हणजे ३८५. समष्टी लहान असेल तर ही संख्या घटते. समजा, निवडलेल्या महाविद्यालयांत मिळून पहिल्या वर्षाचे १,२०० विद्यार्थी आहेत. तर दुरुस्ती केल्यावर २९२ पुरतात. सोयीसाठी ३०० घेतले, तर ते दर चारांत एक होतात. कला शाखेत ५४०, वाणिज्य शाखेत ४२० आणि विज्ञान शाखेत २४० विद्यार्थी असतील, तर त्याच प्रमाणात १३५, १०५ आणि ६० निवडावेत. याला स्तरित नमुना म्हणतात. पण लक्षात ठेवावे की विज्ञानाच्या त्या ६० जणांविषयी वेगळे विधान करायला गेलो, तर अंदाज चुकण्याची मर्यादा ५ टक्के राहत नाही, ती १२-१३ टक्क्यांवर जाते. ज्या गटाविषयी स्वतंत्रपणे बोलायचे आहे, त्या गटाचा हिशेब स्वतंत्र करावा.

दोन गटांची तुलना करायची असेल, तर हिशेब आणखी वेगळा. प्रमाण पन्नासच्या आसपास आहे आणि दोन गटांत खरोखर २० टक्क्यांचा फरक आहे असे धरले, तर तो दहांपैकी आठ वेळा पकडता यावा यासाठी प्रत्येक गटात सुमारे ९८ विद्यार्थी लागतात. फरक १० टक्क्यांचाच असेल तर प्रत्येक गटात ३९२. फरक निम्मा झाला की नमुना चौपट होतो. म्हणून बारीक फरकांच्या मागे लागणे विद्यार्थी प्रकल्पाच्या आवाक्यात नसते, आणि तसे स्पष्ट लिहिण्यात कमीपणा नाही.

किती घ्यायचे यापेक्षा कोणाला घ्यायचे, हे अवघड आहे. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे गूगल फॉर्म करून तो वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकणे. मी त्याच्या विरोधात आहे. फॉर्म भरतात ते उत्साही, नाहीतर चिडलेले. मधले गप्प राहतात. दुसरा सोपा मार्ग वर्गात जाऊन हजर असलेल्यांकडून भरून घेणे हा आहे. त्यातही कोण सुटते ते पाहा: दुपारी दुकानात किंवा कारखान्यात कामाला जाणारा मुलगा, आणि अक्कलकोटहून रोज एसटीने येणारी, शेवटचा तास सोडून बस गाठणारी मुलगी. विषय निवडीचा आणि वेळापत्रकाचा सर्वांत जास्त संबंध ज्यांच्याशी, तेच नेमके नमुन्याबाहेर. ओपन इलेक्टिव्हचा तास जर दिवसाच्या शेवटी असेल, तर त्या तासाला वर्गात असलेल्यांना विचारून काढलेले उत्तर आधीच झुकलेले असते.

म्हणून वर्गखोली बाजूला ठेवून हजेरीपट हातात घ्यावा. प्राचार्यांच्या परवानगीने फक्त रोल नंबरांची यादी मिळवावी, १ ते ४ मधला एक अंक चिठ्ठी टाकून काढावा, आणि तेथून दर चौथा रोल नंबर घ्यावा. चिठ्ठीत ३ निघाला तर ३, ७, ११, १५ असे. पुष्कळ हजेरीपटांत मुलींची नावे आधी आणि मुलांची नंतर असतात. दर चौथा घेतल्यामुळे दोघांचेही प्रमाण आपोआप राखले जाते. एकदा रोल नंबर निघाला की तोच विद्यार्थी शोधायचा. तो आज आला नाही म्हणून शेजारच्या बाकावरच्याला फॉर्म देणे, हा या सगळ्या खटाटोपावर पाणी ओतण्याचा प्रकार आहे. दोन वेळा वर्गात, एकदा फोनवर, इतके प्रयत्न करून मगच 'प्रतिसाद नाही' अशी नोंद करावी. दिवसही पाहून निवडावेत. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा (यात्रेतील मोठा बाजार) भरलेला असताना वर्गात कोण भेटणार?

एवढे करूनही काही जण राहतातच. समजा, ३०० पैकी २४० जणांनी उत्तर दिले आणि त्यांतल्या १४४ जणांनी, म्हणजे ६० टक्क्यांनी, पहिली पसंती मिळाल्याचे सांगितले. न सापडलेल्या ६० जणांपैकी एकालाही ती मिळाली नसेल, तर खरे प्रमाण ४८ टक्के. सर्वांना मिळाली असेल, तर ६८ टक्के. ही दोन टोके अहवालात छापावीत.

वेळ वाचवण्यासाठी काही गट विद्यार्थी न निवडता तुकड्या निवडतात: पंधरा तुकड्या आणि प्रत्येकीतून वीस जण. हे चालते, पण त्याची किंमत मोजावी लागते. एका तुकडीतल्या मुलांचे शिक्षक एक, वेळापत्रक एक, उपलब्ध विषय एक. त्यामुळे त्यांची उत्तरेही थोडी सारखी येतात, आणि विसाव्या मुलाकडून नवी माहिती फारशी मिळत नाही. हा सारखेपणा अगदी कमी, ०.०५ इतकाच धरला, तरी १ अधिक १९ गुणिले ०.०५, म्हणजे १.९५ इतका भार पडतो. त्या ३०० प्रश्नावल्यांची खरी किंमत साधारण १५४ प्रश्नावल्यांइतकीच राहते.

विश्लेषणाबाबत एकच आग्रह धरतो: माहिती गोळा करण्यापूर्वी अहवालातील सर्व तक्ते रिकामे आखून ठेवावेत. ओळी, स्तंभ, मथळे, सगळे. फक्त आकड्यांच्या जागा कोऱ्या. ज्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याच तक्त्यात जात नाही, तो प्रश्न प्रश्नावलीतून काढून टाकावा. वडिलांचा व्यवसाय विचारायचा आणि मग पस्तीस पाने झाल्यावर त्याचे काय करायचे ते शोधायचे, ही आपल्याकडची फार जुनी खोड आहे.

आमच्या उदाहरणातील मुख्य तक्ता चार घरांचा आहे. समजा, बहुशाखीय महाविद्यालयांतील ९८ पैकी ५९ जणांना पहिली पसंती मिळाली आणि ३९ जणांना नाही. एकशाखीय महाविद्यालयांतील ९८ पैकी ४५ जणांना मिळाली आणि ५३ जणांना नाही. दोन्हीकडे संधी सारखीच असती, तर प्रत्येक गटात ५२ होकार आणि ४६ नकार अपेक्षित होते. प्रत्येक घरातला फरक ७ चा आहे. त्याचा वर्ग ४९. तो ५२ ने दोनदा आणि ४६ ने दोनदा भागून बेरीज केली की काय-स्क्वेअरची, म्हणजे प्रत्यक्ष आणि अपेक्षित आकड्यांतली तफावत मोजणाऱ्या राशीची, किंमत ४.०२ येते. ५ टक्के पातळीची मर्यादा ३.८४ आहे. म्हणजे फरक 'लक्षणीय', निव्वळ योगायोग म्हणून सहज सोडून देता न येणारा, ठरला, आणि बहुतेक प्रकल्पांत येथे टाळ्या वाजतात.

पण त्याच आकड्यांवरून फरकाची व्याप्ती काढून पाहा. दोन प्रमाणांतील फरक सुमारे १४ टक्के. त्याची ९५ टक्के विश्वासाची मर्यादा जेमतेम अर्ध्या टक्क्यापासून २८ टक्क्यांपर्यंत जाते. अर्ध्या टक्क्याचा फरक असेल तर कोणी लक्षही देणार नाही, आणि २८ टक्क्यांचा असेल तर अभ्यासमंडळाने तातडीची बैठक बोलवावी. आपल्या माहितीला ही दोन्ही चित्रे सारखीच मान्य आहेत. शिवाय हे विद्यार्थी तुकड्या-तुकड्यांनी घेतले असतील, तर ४.०२ ला वरच्या १.९५ ने भागावे लागते. उरतात २.०६, आणि 'लक्षणीय' हा शब्द खोडावा लागतो. मर्यादेच्या अलीकडे-पलीकडे पाहण्यापेक्षा फरक किती आणि तो किती नेमकेपणाने माहीत आहे, हे दोन आकडे द्यावेत. सहमती-असहमतीच्या पाच पायऱ्यांची सरासरी काढून '३.४७' असे दोन दशांशांपर्यंत छापणेही टाळावे. प्रत्येक पायरीवर किती टक्के, एवढे पुरते.

परवानगीची कामे लवकर उरकावीत, कारण त्यांत वाटते त्यापेक्षा जास्त दिवस जातात. प्रश्नावलीवर नाव आणि पीआरएन नंबर (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) घेऊ नये. रोल नंबर आणि प्रश्नावलीचा क्रमांक यांची जुळणी वेगळ्या वहीत ठेवावी, आणि पाठपुरावा संपला की ती वही नष्ट करावी. उत्तर देणे ऐच्छिक आहे, हे पहिल्या ओळीत लिहावे. सीनियर मुले फॉर्म घेऊन दारात उभी राहिली की ज्युनियरला ते ऐच्छिक वाटत नाही, म्हणून शक्य असेल तर दुसऱ्या महाविद्यालयातील गटाशी अदलाबदल करावी: तुमच्या मुलांकडून आम्ही भरून घेतो, आमच्या मुलांकडून तुम्ही.

अहवालाच्या शेवटी परिशिष्टात तीन गोष्टी जोडाव्यात. पहिली, प्रश्नावलीची पहिली प्रत, खाडाखोडीसह. दुसरी, चिठ्ठीत निघालेला अंक आणि त्यावरून ठरलेल्या रोल नंबरांची संख्या, महाविद्यालयवार. तिसरी, न भेटलेल्या विद्यार्थ्यांचा तक्ता: किती जणांनी नकार दिला, किती जण गैरहजर होते, किती जणांनी प्रवेशच रद्द केला होता. तोंडी परीक्षेला आलेले बाहेरचे परीक्षक आलेखांची पाने भराभर उलटतात आणि बहुधा या तिसऱ्या तक्त्यापाशी थांबतात. प्रवेश रद्द केलेल्यांच्या रकान्यावर बोट ठेवून ते विचारतील, "हे कोणत्या शाखेचे होते?" त्याचे उत्तर तयार ठेवावे.